पाच वेळा खाली

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी अण्णा पडद्याच्या कडेवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचे, कुणाच्या दारावर वाजवावं तसं. मग मान थोडी तिरकी करून थांबायचे. आतून कुणी कडी काढायला उठलं असेल तर त्याला वेळ मिळावा, अशा बेताने. ज्याचं यंत्र तो मागून घाई करायचा, "अण्णा, पुसून टाका हो सगळं." अण्णा वळूनही न बघता म्हणायचे, "स्वल्प थांबा. आधी दार वाजवून बघू. आत कोणी असलं म्हणजे?"

आमच्या जे. पी. नगरच्या तीन मजली इमारतीत ते तळमजल्यावर राहत आणि मी त्यांच्या बरोबर वर. अण्णा हे त्यांचं नाव नव्हे. इथल्या जुन्या मराठी घरांत मोठ्या माणसाला अण्णा आणि मोठ्या बाईला अक्का म्हणतात, म्हणून सगळी इमारत त्या नवराबायकोला तशीच हाक मारायची. त्यांचं घराणं किती पिढ्यांमागे बेंगळूरला आलं, हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. मी निपाणीचा, नोकरीसाठी आलेला. माझ्या बोलण्याला ते "पेपरातली मराठी" म्हणत. त्यांच्या घरच्या मराठीत कानडी मिसळलेली असे: थोडंला स्वल्प, झालंला आयितु, बरंला सरी. मी सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे माझं नाव लक्षात ठेवण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. "काय खजिनदार," म्हटलं की काम भागायचं.

नोकरीत असताना ते यशवंतपूरच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. यंत्रांचे नकाशे काढायचे आणि जपायचे, हे काम. नवा नकाशा आला की जुन्यावर 'रद्द'चा शिक्का बसे, पण तो फाडायचा नाही. वेगळ्या कपाटात ठेवायचा. निवृत्तीनंतर ही सवय त्यांनी आमच्या कॉम्प्युटरांवर चालवली.

तुमच्यापैकी ज्यांनी एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली ठेवल्या असतील, त्यांना हे माहीत आहे. बटण दाबलं की आधी एक यादी येते. कशाने सुरू करू, असं यंत्र विचारतं. बाणाच्या बटणाने पट्टी खालीवर करायची आणि एंटर दाबायचं. वर्षानुवर्षं नवं टाकलं, जुनं काढलं की यादीत नावं साचतात. प्रणाली केव्हाच गेलेली असते, तिची ओळ मात्र राहते. ती ओळ निवडली की काळ्या पडद्यावर दोन पांढरी वाक्यं येतात आणि माणूस धास्तावतो. अण्णा म्हणत, "बिऱ्हाड गेलं, पाटी राहिली." असल्या पाट्या उतरवून देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता.

माझ्या यंत्रावर भाच्याने प्रयोग करून ठेवले होते. यादीत एक ओळ तर नुसत्या अक्षरांचा आणि आकड्यांचा गोळा होती. मी म्हणालो, ही कचरा आहे, काढा. अण्णांनी टकटक केली, थांबले, आणि ओळ उघडली. आत एक अर्धवट चालणारी प्रणाली निघाली आणि तिच्या पोटात माझ्या मेहुण्याच्या लग्नाचे सगळे फोटो. ते मी पुसले असा माझ्यावर काही वर्षं आरोप होता. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे घालवले नव्हते. लपवले होते."

अण्णा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

त्यांची फी ठरलेली होती, एक कप कॉफी. ती दुसऱ्या कुणी केलेली त्यांना चालत नसे. काम झालं की "आयितु" म्हणून उठायचे आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरायचे. फिल्टर शोधायचे, दूध तापवायचे, आणि घरात असतील तितक्यांसाठी कॉफी करायचे. म्हणजे फी त्यांनीच द्यायची आणि आम्ही प्यायची, असा तो व्यवहार होता. दूध उतू जाऊ देणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. दूध वर यायला लागलं की कुणाशी कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असो, ते मधेच तोडून गॅसकडे बघत उभे राहायचे.

अक्कांचं विसरणं हळूहळू सुरू झालं. आधी नावं, मग वार. मग एकदा भाजीवाल्याशी बोलता बोलता त्यांनी त्याला विचारलं, "तुमचं लग्न कुठे झालं हो?" तो गेली कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत गाडी लावतो. त्याने नीट उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. मला त्या हिशेबवाले म्हणत आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसत, पण मी कुठे राहतो हे त्यांना आता सांगता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या रोज करत. सकाळी अण्णा कॉफीला आत गेले की बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर लावून मुलीला बोलवत. मुलगी परदेशात. तिकडे तेव्हा रात्र असे, आणि ती झोपण्याआधी आईची वाट बघे. फोनवर बोलायला अक्का तयार नसत. "फोनात माणूस चेपल्यासारखा दिसतो," म्हणत. विंडोज सुरू झालं की मुलीचा फोटो आपोआप पडद्यावर येईल अशी सोय अण्णांनी करून ठेवली होती. त्या फोटोवर टिचकी मारली की बोलणं सुरू. कॉफी घेऊन अण्णा बाहेर येत तोवर मायलेकींचं निम्मं बोलून झालेलं असे.

मग अण्णांच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. दवाखान्यात आणि नंतर सक्त विश्रांतीत मिळून महिनाभर जाणार होता. रात्री माझी बायको अक्कांच्या सोबतीला झोपणार होती, जेवण आमच्याकडून जाणार होतं. प्रश्न सकाळचा होता. मुलीच्या तिकडे राहण्याच्या परवान्याचे कागद अडकले होते. तिकडून निघाली असती तर तिला परत जाता आलं नसतं. तिने मारतहळ्ळीच्या बाजूचं, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं एक केंद्र शोधलं होतं. महिनाभर आईला तिथे ठेवू, म्हणाली.

अण्णा मला म्हणाले, "खजिनदार, ती तिथे गेली तर जाताना अक्का असेल. येताना कोण असेल, सांगता येत नाही. या घरातल्या भिंती तिला आठवतात. तिथल्या कोण आठवून देणार?"

बरीच बोलाचाली झाल्यावर मुलगी एका अटीवर आली. आईने सलग आठवडाभर रोज सकाळी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर लावून आपल्याला बोलवायचं. अप्पांनी, म्हणजे अण्णांनी, बाजूला उभं राहायचं नाही, सांगायचं नाही. तेवढं जमलं तर आई स्वतःचं स्वतः करू शकते असं मी मानीन, मुलगी म्हणाली, आणि ती घरी राहील. आठवडा सोमवारपासून धरायचा होता.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांच्या टेबलापाशी आम्ही तिघं होतो: अण्णा, मी आणि अक्का. अक्का खुर्चीत बसून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. खिडकीबाहेर बघत होत्या, बोटं आपली आपण दाणे काढत होती. अण्णांनी यंत्र सुरू केलं तेव्हा मी चकित झालो. लोकांच्या याद्या आवरणाऱ्या माणसाची स्वतःची यादी भरगच्च होती. सगळ्यात वर त्यांचं लिनक्स. त्याखाली चार ओळी जुन्यापुराण्या, केव्हाच काढून टाकलेल्या प्रणालींच्या. मग सहावं विंडोज. त्याखाली आणखी एक मेलेली ओळ.

"वेळच झाला नाही," अण्णा ओशाळून म्हणाले. "पण आता ही भानगड तिच्यापुढे नको. घोटाळा होईल. तिची ओळ सगळ्यात वर ठेवू, माझी खाली. तिने नुसतं एंटर दाबायचं."

टकटक केली, थांबले. एकेक मेलेली ओळ उघडून बघितली, आत काही नाही याची खात्री केली, जुन्या यादीची नक्कल 'रद्द' नावाच्या कप्प्यात ठेवली आणि मगच हात चालवला. अर्ध्या तासात यादी दोन ओळींची झाली. वर विंडोज, खाली त्यांचं लिनक्स. इतकी स्वच्छ यादी मी पाहिली नव्हती.

"आयितु," म्हणून अण्णा कॉफीला उठले.

सोमवारी सकाळी मी पेपर आणायला खाली उतरलो तर त्यांचं दार उघडं. अक्का कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. पडद्यावर विंडोज नव्हतं. तिथे एका चौकोनात अण्णांचं नाव होतं आणि खाली पासवर्डची रिकामी जागा. अक्का त्या नावाकडे बघत होत्या. मग आतल्या दिशेने म्हणाल्या, "अहो, इथे तुमचं नाव आलंय. तुम्ही कुठे गेलात?"

मुलीचा फोन आला. अण्णांनी तिला सांगितलं की इथे करंट गेला होता. खोटं बोलल्यावर त्यांनी फोन टेबलावर असा ठेवला, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे.

नेमकं काय चुकलं ते आम्हाला कळलं नाही. हात चुकून खालच्या बाणावर पडला असेल, असं मी म्हणालो. मग दुसरी ओळ ठेवायचीच कशाला? अण्णांनी थोडा विचार केला आणि स्वतःची ओळ काढून टाकली. यादीत एकच नाव राहिलं. आता चुकायला जागाच नव्हती.

मंगळवारी अक्कांनी यंत्र लावलं, थोडा वेळ काहीतरी दाबलं, आणि बंद केलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. मी दारातच होतो. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हलत नाही हो. बिघडलंय ते." मग पदराला हात पुसत उठल्या. "की मलाच काही येत नाही आता?"

हा प्रश्न त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारला. भाजीत मीठ घातलं का, असं विचारावं तसा.

फोनवर मुलगी म्हणाली, "आजही करंट?" अण्णांना दुसऱ्यांदा खोटं बोलवेना. "अप्पा, मी चिडलेली नाही. पण उद्या सकाळीही आई आली नाही तर मी त्या केंद्राला हो कळवते."

त्या दुपारी अण्णांनी मला बोलावलं. अक्का पुन्हा शेंगा घेऊन बसल्या होत्या. अण्णा त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"तू रोज कसं लावायचीस गं?"

"काय?"

"कॉम्प्युटर."

"लावायची की. त्यात काय आहे?"

"पण कसं? आधी काय दाबायचीस?"

अक्का विचारात पडल्या आणि त्यांचा चेहरा केविलवाणा झाला. अण्णांनी लगेच, "असू दे, असू दे," म्हणून विषय सोडला. बसल्या जागी ते त्यांच्या हातांकडे बघत राहिले. शेंग मोडायची, दाणे ताटात, साल पिशवीत. डोळे खिडकीबाहेर.

मग ते उठले. कीबोर्डची वायर काढली आणि कीबोर्ड शेंगांच्या ताटाशेजारी अक्कांच्या मांडीवर ठेवला. "मुलीला बोलव बरं," म्हणाले, जसं काही पाणी आण म्हणावं.

अक्कांनी कीबोर्डकडे बघितलंसुद्धा नाही. उजव्या हाताचं मधलं बोट खालच्या बाणावर गेलं. टक, टक, टक, टक, टक. आणि करंगळीशेजारचं बोट एंटरवर, जरा जोरात.

"पुन्हा बोलव."

पुन्हा पाच वेळा खाली आणि एंटर. मी हिशेबाचा माणूस, मोजणं माझ्याकडे आपोआप आलं. तिसऱ्यांदाही पाचच.

पाच वेळा खाली म्हणजे सहावी ओळ. जुन्या यादीतली त्यांची ओळ. आम्ही ज्यांना मेलेल्या पाट्या म्हणत होतो, त्या अक्कांच्या बोटांना पायऱ्या होत्या. पायऱ्या काढल्यावर पहिल्या दिवशी बोट खालच्या ओळीवर जाऊन आदळलं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी हललीच नाही तेव्हा त्यांना वाटलं यंत्र गेलं.

अण्णांनी कीबोर्ड उचलून त्याची वायर परत जोडली. मग म्हणाले, "सगळ्या इमारतीची दारं वाजवली मी. घरात विचारलं नाही. मी आपला आत कॉफी करत होतो."

'रद्द'च्या कप्प्यातून त्यांनी जुनी यादी काढली आणि होती तशी परत बसवली. तीच नावं, तोच क्रम. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी प्रत्येक ओळीच्या मागचं काम बदललं. नाव कुठलंही असो, उघडायचं विंडोजच. बोट एखाद्या दिवशी चारदा पडलं, सहादा पडलं, तरी समोर मुलीचा फोटो यावा. सगळ्यात वरची, त्यांच्या लिनक्सची ओळही त्यांनी तशीच करून टाकली.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून दाखवला. "मी इथे राहतो आता. एका माणसाला किती जागा लागते?"

मला राहवेना. "पण अण्णा, ही यादी खोटी झाली. सात नावं आणि आत एकच."

"खोटी कशी? तिला जायचंय तिथेच नेते."

त्यांनी पेन ड्राइव्ह परत खिशात टाकला.

बुधवारी सकाळी मी पेपर घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. अट अण्णांना होती, मला नव्हती. दार उघडं होतं. आत कॉम्प्युटर सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. मग काही नाही. मग पाच हलके टक आणि एक मोठा. मी पेपर खाली ठेवला. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी ऑटो चालू करत होतं. आणि मग तिकडच्या रात्रीतून मुलीचा आवाज आला, "आई. अगं, दोन दिवस कुठे होतीस?"

"इथेच की," अक्का म्हणाल्या. "मी कुठे जाणार?"

आतून करपल्याचा वास आला. अण्णा गॅससमोर उभे होते, पातेल्याकडेच बघत. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकत होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं.

मुलीने आठवडा त्या दिवसापासून धरला. अक्का सातही दिवस आल्या आणि घरीच राहिल्या. अण्णांचं ऑपरेशन नीट पार पडलं. दवाखान्यात ते माझ्या बायकोला नव्हे, मला विचारत, "आज किती?" मी म्हणत असे, "पाच." एकदा सहा सांगितलं तेव्हा खुशीत म्हणाले, "बघा, उपयोगी पडली की नाही माझी खोटी यादी?"

त्यानंतर ते दोन वर्षं होते. इमारतीत कुणाचं यंत्र अडलं की जात, टकटक करत, कॉफी करत. पण त्या आठवड्यानंतर एक फरक पडला होता. जुनी ओळ काढण्याआधी ते घरातल्या प्रत्येकाला विचारायचे, म्हाताऱ्यांनासुद्धा, ज्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता त्यांनाही. "तुम्हाला ही लागते का हो?" लोक हसत. ते उत्तर मिळेपर्यंत थांबत.

गेले ते साध्या तापाने, चार दिवसांत. झडपेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं मुद्दाम सांगितलं.

मुलीने तिकडचं आवरून पुण्यात घर केलं आणि अक्कांना घेऊन गेली. सामानात कॉम्प्युटरही होता. इतकं जुनं खोकं कशाला, असं सगळे म्हणत होते. आईला त्याची सवय आहे, एवढंच ती म्हणाली. ही यादीची गोष्ट अण्णांनी तिला कधी सांगितली नव्हती, आणि सांगायचं काम माझं नव्हतं.

महिन्याभराने तिचा फोन आला. "काका, अप्पांच्या कॉम्प्युटरची यादी तुम्ही कधी बघितली होती का? सात ओळी आहेत. निम्मी नावं कुठल्या काळातली आहेत, आणि काहीही दाबलं तरी एकच उघडतं. अप्पांच्या हातून असा घोटाळा? मी साफ करून टाकतेय."

"स्वल्प थांब," मी म्हणालो.

मग मी तिला सगळं सांगितलं. शेंगा, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे ते दोन दिवस करंट गेला नव्हता."

"नव्हता."

यादी तशीच आहे. आता मुलगी त्याच घरात राहते, पण सकाळ झाली की अक्का उठून कॉम्प्युटरसमोर बसतात, पाच वेळा खाली जातात आणि तिच्या फोटोवर टिचकी मारतात. फोन वाजायला लागला की मुलगी हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जाते, दार लोटून घेते, आणि मग उचलते. माझ्या बायकोला तिने हे सांगितलं.

आई विचारते, जेवलीस का, तिकडे थंडी किती आहे. ती सांगते. मग आई मागे स्वयंपाकघराकडे बघते आणि म्हणते, "अप्पा कॉफी करताहेत. येतीलच एवढ्यात."

"सरी, आई," ती म्हणते. "थांबते मी."